टोपण हातातच राहिलं

परवा पुतण्याच्या लग्नाचा आल्बम पाहायला गेलो होतो. पानामागून पान उलटतोय आणि नवरी काही सापडेना. शालू दिसत होता, मुंडावळ्या दिसत होत्या, मधे चेहऱ्याच्या जागी नुसता झगझगाट. मी म्हटलं, "अरे, हिचं नाक कुठे गेलं?" तर पुतण्या मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हाय-की आहे तो. तुम्हाला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! या हाय-कीपायी लालबागमधल्या एका नवराबायकोत आठ दिवस अबोला झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि त्यात तेल ओतणारा मीच होतो. पण हे त्याला सांगून काय उपयोग? आल्बम मिटला, चहा घेतला आणि घरी येईपर्यंत डोक्यात परब होते.

विठ्ठल परब. लालबागला, मोठ्या रस्त्यावरच्या एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वर पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या गॅलरीला लागून, बिऱ्हाड. माणूस ठेंगणा, काळासावळा, अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्याला पांढरी टोपी, आणि बोटं मात्र औषधांनी कायमची तपकिरी झालेली. समोर कोणी आलं की परब आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघत. मग मान वर करून म्हणत, "बसा." पहिल्यांदा भेटलेला माणूस थोडा दचकायचा. मीही दचकलो होतो.

ही खोड मिलमधली. स्टुडिओ काढण्याआधी सोळा वर्षं परब एका मिलच्या घडी खात्यात कापड तपासायला होते. तयार ताग्यावरून भिंग फिरवायचं, तुटका धागा, डाग, विरळ वीण शोधायची, आणि माल चोख असेल तर त्यावर 'पहिला' असा शिक्का मारायचा, खोट असेल तर 'दुय्यम'. तिथल्या कुणा साहेबाने जाताना आपला जुना लाकडी कॅमेरा परबांना देऊन टाकला. तीन पायांचा, काळ्या फडक्याचा, भल्या मोठ्या भिंगाचा. त्याला खटका नव्हताच. भिंगावर पितळेचं एक टोपण होतं. ते हाताने काढायचं, तोंडाने आकडे मोजायचे, पुन्हा लावायचं, की झाला फोटो. आत फिल्म नव्हे, काचेची प्लेट. दादरच्या आमच्या छायाचित्र मंडळात लोक जर्मन कॅमेरे गळ्यात घालून यायचे, तिथे परब हे धूड खांद्यावर टाकून लालबागहून चालत यायचे.

मी त्या मंडळाचा चिटणीस. फोर्टात एका विमा कंपनीत कारकून, राहायला गिरगावात, लग्न झालेलं नाही, म्हणजे चिटणीस व्हायला लागते ती सगळी पात्रता अंगी होती. त्या साली आम्ही प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि त्यात हाय-कीचा वेगळा विभाग ठेवला. हाय-की म्हणजे काय, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणून एका इंग्रजी पुस्तकातून मी व्याख्या उतरवून आणली आणि मासिक सभेत घसा साफ करून वाचली. ज्या चित्रात फिकट छटांचं प्राबल्य असतं, वगैरे. अध्यक्ष कर्णिक वकिलांनी मान डोलावली. हे शिवाजी पार्कला राहणारे, भारदस्त, कुठल्याही गोष्टीवर मान डोलावताना शोभणारे गृहस्थ.

मागून आवाज आला, "चिटणीस, पांढरे किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे पांढरे रंग किती?"

"एकच की."

परब उठून पुढे आले. आपली टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. माझ्या खिशातला रुमाल न विचारता उपसला आणि तिच्याशेजारी ठेवला. मग कर्णिकांच्या धोतराचा सोगा हातात घेतला, तोही टेबलावर आला, आणि त्याच्यामागून नाइलाजाने अध्यक्षही टेबलाला चिकटून उभे राहिले. सभा खो खो हसत होती. परब मात्र गंभीर. "टोपी निळीची. रुमाल, राग मानू नका, चार दिवसांचा. धोतर कोऱ्याचं धुवट झालेलं. तिन्ही पांढरे. फोटोत हे तिन्ही वेगळे दिसले तर हाय-की. एकच दिसले, तर त्याला चुना म्हणायचं."

त्यानंतर त्यांनी आम्हाला आपल्या तीन अटी सांगितल्या, आणि पुढे मुंबईत होतो तोवर मी त्या ऐकत आलो. पहिली, उजेड जाणूनबुजून दिलेला हवा, चुकून सांडलेला नव्हे. दुसरी, पांढऱ्यात धागा दिसला पाहिजे. आणि तिसरी, तीट हवी. बाळाला न्हाऊमाखू घालून पावडर लावली की आई गालावर काजळाचा ठिपका लावते ना, तसं सगळ्या पांढऱ्यात एक ठिकाण काळंभोर पाहिजे. "नाहीतर डोळा बसायचा कुठे?" माझी इंग्रजी व्याख्या सव्वा पान होती. ती मी घडी घालून खिशात ठेवली.

स्टुडिओत परबांचा दरारा विलक्षण. टोपण काढायच्या आधी ते असे काही गरजत, "हालू नको!" की समोरचा माणूस तर सोडाच, बाहेर रस्त्याने जाणारा पाववालाही जागच्या जागी थिजायचा. चाळीतल्या पोरांनी त्याचा खेळ केला होता. एकाने परब व्हायचं, ओरडायचं, आणि जो हालेल तो बाद.

गिरणगावातले जवान पोरगे गावाकडे मुलीच्या बापाला पाठवायला फोटो काढून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "दादा, जरा गोरा काढा हां." बाकीचे फोटोवाले ब्रशने तोंड रंगवून द्यायचे. परबांचं उत्तर ठरलेलं. "उजेड माजो, रंग तुजो. उजेड व्हयो तितको घे." एकदा एकजण फारच मागे लागला, तेव्हा परबांनी त्याला पांढऱ्या चादरीसमोर बसवून असा फोटो काढला की पोरगा दिसायला होता तसाच काळा, पण दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नान करून आल्यासारखा टवटवीत. त्याचं लग्न जमलं. परबांना लाडू आले. लाडवाचा कागद बोटांत चोळून बघून ते म्हणाले, "कागद बरो असा."

आता काशीबाईंबद्दल सांगायला हवं. काशीबाई म्हणजे परबांची बायको. मिलच्या वाइंडिंग खात्यात, जिथे सुताची रिळं भरतात, तिथे कामाला. उंच, रंगाने परबांहून काळ्या, आणि हसायला लागल्या की आवाज समोरच्या चाळीत जाणार. बोलायच्या मालवणी. पण रागावल्या की मालवणी सोडून एकदम शुद्ध मराठीत यायच्या. "अहो, आपण जेवणार आहात का?" असं कानावर आलं की परब हातातलं काम टाकून जिना चढायचे.

या काशीबाईंचा एकही फोटो नव्हता. सगळ्या लालबागचे फोटो भिंतीवर, आणि फोटोवाल्याच्या बायकोचा नाही. मी एकदा विचारलं तर परब म्हणाले, "हिचा काढायचा तर पुरा हाय-की काढायचा. तिन्ही अटी. त्याला सवड पाहिजे." ती सवड लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मिळाली नव्हती. कधी चादर निळीची नव्हती, कधी ऊन कडक होतं. काशीबाई चहा देताना हसून म्हणायच्या, "माजो फोटो मेल्यावर काढतले हे. तेव्हा हालूचंय नाय." हसायच्या खऱ्या, पण आत जाताना भिंतीवरच्या दुसऱ्यांच्या बायकांकडे एकवार बघून जायच्या. ते मी दोनतीनदा पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या गिरगावात तर जिन्यात दोन माणसं भेटली तरी सभा व्हायची. लालबाग-परळची तऱ्हा वेगळी, तिथे मिलच्या पाळीच्या पाळी रस्त्यावर यायच्या. असाच एक मोठा मोर्चा एका सकाळी लालबागवरून जायचा होता. परबांनी गॅलरीत कॅमेरा मांडला आणि मला मदतीला बोलावलं. काशीबाई आपल्या खात्यातल्या बायकांबरोबर मोर्चात सामील व्हायला पहाटेच गेल्या होत्या, ठेवणीतलं गर्द हिरवं लुगडं नेसून.

मोर्चा आला. वरून बघावं तर रस्ता दिसेना, नुसत्या टोप्या, सदरे, धोतरं. परब काळ्या फडक्यातून बाहेर आले, प्लेट बसवली, टोपणावर हात ठेवला आणि सवयीने त्या हजारो माणसांना गरजले, "हालू नको!"

मला हसू आवरेना. अहो, मोर्चाला सांगताय? पण परबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी टोपण काढलं. 'एक' म्हणायचं आणि लावायचं, एवढंच काम. त्याच क्षणी खालून आरोळी उठली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि परबांचा टोपणाचा हात ताडकन वर गेला. "झालाच पाहिजे!" पुन्हा आरोळी, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा तर ते टाचा उंचावून ओरडले. मी पण ओरडत होतो, खोटं कशाला सांगू. मग माझी नजर त्या वर गेलेल्या मुठीतल्या पितळेकडे गेली. "परबदादा, टोपण!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि टोपण असं हळूच लावलं की जणू कुणाचे डोळे मिटतायत.

प्लेट धुतली तर काळी ठिक्कर. म्हणजे उजेड बेसुमार शिरलेला. परब ती खरवडून टाकायला निघाले होते, मी हातापाया पडून एक प्रत छापायला लावली. कागदावर चित्र हळूहळू वर आलं. मोर्चा चालत होता, त्यामुळे माणसं एकमेकांत विरघळून गेली होती. पांढऱ्या टोप्यांचा, धोतरांचा, सदऱ्यांचा एक लोट रस्ताभर वाहत होता. आणि त्याच्या मधोमध, लुगड्याच्या काठासकट स्पष्ट, मान वर करून गॅलरीकडे बघत, खांबासारखी उभी काशीबाई. हजारो माणसांत परबांचं 'हालू नको' तिने एकटीने ऐकलं होतं.

परबांनी प्रत वाळवली, उलटी केली आणि मागे पेन्सिलीने लिहिलं, 'दुय्यम'.

मी ती प्रत मागून घेतली आणि थेट शिवाजी पार्क गाठलं. कर्णिक वकील खुर्चीतून उठले. "अहो, काय हाय-की आहे हा! याला तोड नाही. प्रदर्शनात पहिला मान याचा." हे मी धावत जाऊन परबांना सांगितलं. परब कुणाचा तरी ओळखपत्राचा फोटो कापत होते. मान वर न करता म्हणाले, "तो हाय-की नव्हे. ती चूक."

"पण दिसतोय कसा ते बघा ना!"

"दिसण्यावर जाऊ नका, चिटणीस. उजेड जाणूनबुजून दिलेला नाही. सांडलेला आहे. सोळा वर्षं माझ्या हातात शिक्का होता. डागाच्या ताग्यावर 'पहिला' मारला असता तर कोणाला कळलं असतं? कोणाला नाही. पण कुठेतरी एक माणूस त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून ते कापड घरी नेतो ना? मग?"

वादात मी हरलो. आणि वादात हरला की माणूस अतिशहाणपणा करतो, तो मी केला. वहिनींनी गळ घातली तर परब ऐकतील, म्हणून तीच प्रत नेऊन काशीबाईंच्या हातात दिली. त्या किती वेळ बघत राहिल्या! पदराने हात पुसून पुन्हा धरली. "मी गो ही?" स्वतःलाच विचारलं. आणि मग, कापड बघताना मिलमधली माणसं उलटं करून बघतात तशी, त्यांनी ती उलटी केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यांनी एकेक जुळवली.

"भावजी," त्या स्वच्छ शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आपण आता घरी जावं हे बरं."

पुढचे आठ दिवस मालवणी बंद. परब खाली स्टुडिओत जेवायचे. "अहो, पंचवीस वर्षांनी माझा एक फोटो निघाला, तो दुय्यम?" एवढंच त्या एकदा म्हणाल्याचं परबांनी मला सांगितलं. बायकोचं मन राखावं तर सोळा वर्षांचा शिक्का खोटा, शिक्का राखावा तर बायको कायमची दुय्यम. आणि प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. मला तर तोंड लपवायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी काशीबाईंनी मला बोलावून घेतलं. परब खाली मान घालून बसले होते. समोर पाटावर ती प्रत आणि परबांचं मिलमधलं भिंग.

"तुमच्या अटी सांगा," काशीबाई म्हणाल्या. "एकेक."

परब पुटपुटले, "पांढऱ्यात धागा."

काशीबाईंनी भिंग प्रतीवर ठेवलं. "ही टोपी निळीची. हे धोतर धुवट. हा पुढचा सदरा मांजरपाटाचा, कोरा. दिसतात की नाही वेगळे?"

परबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तपासनीसच तो. "दिसतात," म्हणाले.

"पुढची."

"तीट."

"एवढ्या पांढऱ्यात काळी मी एकटीच उभी आहे. अजून कसली तीट हवी?"

परबांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण त्यांनी मान हलवली. "पहिलीच नाही बसत गो. उजेड जाणूनबुजून दिलेला नाही. टोपण चुकून हातात राहिलं."

"टोपण हातात का राहिलं?"

"घोषणा देत होतो म्हणून."

काशीबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "मग ती घोषणा काय चुकून दिलीत?"

परब बायकोकडे बघत राहिले. 'हो' म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. लालबागमध्ये त्या साली कुणालाच शक्य नव्हतं, आणि परबांना तर नाहीच. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी प्रत उलटी केली, खिशातून रबर काढलं आणि 'दुय्यम' खोडलं. त्या जागी 'पहिला' लिहिलं नाही, तेवढी ऐट ठेवलीच. काही न लिहिताच ती माझ्या हातात दिली. काशीबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि आतून म्हणाल्या, "साखर संपली असा. आणतास काय?" परब टोपी न घालताच धावले.

प्रदर्शनात कर्णिकांनी ती प्रत हाय-कीच्या विभागात मधोमध लावली. बाहेरून बोलावलेले परीक्षक आले, चष्मा वरखाली करून पाहिलं आणि म्हणाले, "चित्र सुंदर आहे. पण याला शास्त्राप्रमाणे हाय-की म्हणता येणार नाही, उजेड जास्त झालाय." कर्णिकांचं तोंड पडलं. परब मात्र पुढे झाले, परीक्षकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "खरं माणूस भेटलं!" मग जाता जाता त्यांच्या कोटाची बाही चोळून पाहिली. बक्षीस कुणाला मिळालं ते मला आठवत नाही. त्या चित्रापुढे गर्दी हटत नव्हती, आणि हिरवं लुगडं नेसून काशीबाई तीन दिवस शेजारी उभ्या होत्या, हे आठवतं. कोणी बघायला आलं की आधी चित्राकडे बोट दाखवायच्या, मग स्वतःकडे.

पुढे परबांनी सवड काढली. निळीची चादर, जानेवारीची सकाळ, तिन्ही अटी पुऱ्या करून काशीबाईंचा अस्सल हाय-की काढला. खोट काढायला जागा नव्हती. काशीबाईंनी तो पाहिला, "बरो असा," म्हणाल्या आणि ट्रंकेत ठेवला. भिंतीवर मोर्चातलाच राहिला.

राज्य झालं त्या दिवशी मी गिरगावातून चालत लालबागला गेलो. कंपनीने माझी नागपूरला बदली केली होती, चारच दिवसांनी निघायचं होतं, आणि पुढे परत येईपर्यंत परब राहिले नाहीत. रस्ता गुलालाने आणि माणसांनी भरून गेला होता. चाळीखाली मला गर्दीने अडकवून टाकलं. वर बघतो तर गॅलरीत कॅमेरा, आणि त्याच्याशेजारी परब, टोपण हातात, हात वर, जयजयकार चाललेला. खाली बायकांच्या घोळक्यात, त्याच हिरव्या लुगड्यात, काशीबाई. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळ्या गलक्यावरून त्यांचा आवाज गेला.

"ओऽऽ, टोपाण! टोपाण लावा आधी!"

परबांनी ऐकलं. मुठीतलं पितळ त्यांनी उन्हात हलवून दाखवलं, आणि वाकून, सगळ्या लालबागला ऐकू जाईल असं ओरडले,

"जाणूनबुजून गो! जाणूनबुजून!"

हात काही खाली आला नाही.